दोन दुष्काळ आणि मांडीवरचे मूल

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळत असता, तेथून पूर्वेस शे-सव्वाशे किलोमीटरांवर पसरलेल्या म्हसवड-दहिवडीच्या माळावर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो, आणि तोही वेळेवर पडेल अशी हमी कोणत्याही पंचांगाने आजवर दिलेली नाही. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांची ही पट्टी म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात त्याचा कारभार एका हाती नव्हता. काही गावे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, काही औंधच्या पंतप्रतिनिधींकडे, काही जतच्या डफळ्यांकडे, तर काही सांगली-मिरजेच्या पटवर्धनांकडे होती. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. सरहद्दी बदलल्या, अंमलदार बदलले, कचेऱ्यांवरची निशाणे बदलली; पाऊस मात्र त्याच त्या गावांना वारंवार चुकवीत राहिला, आणि 'जगायला बाहेर पडणे' हा तेथील रयतेचा जणू वतनी व्यवसायच होऊन बसला.

या मुलखातील दुष्काळांचा इतिहास ज्यांनी ज्यांनी लिहिला त्यांनी पावसाचे आकडे दिले, धान्याचे भाव नोंदविले, सारामाफी व तगाई यांच्या रकमा मांडल्या, खोदलेल्या तळ्यांची लांबी-रुंदी सांगितली आणि मेलेल्या जनावरांची गणतीही केली. परंतु जे मूल अजून चालत नाही, ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही आणि ज्याला स्वतःची भूक रडण्यावाचून दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही, त्याचे दुष्काळात काय होते, हे या इतिहासांतून क्वचितच कळते. वास्तविक दुष्काळाची खरी परीक्षा त्याच्याच देहावर होत असते. कारण मोठ्या माणसाने गमावलेले वजन पुढच्या सुगीत भरून येते, मुलाची पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ मात्र सहसा पुरती भरून येत नाही. या दृष्टीने १८७६-७७ आणि १९७२-७३ हे दोन दुष्काळ शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर मधल्या शतकभरात राज्यकर्ते काय शिकले आणि कोणता धडा अर्धवटच राहिला, याचा पुष्कळसा उलगडा होतो.

१८७६ च्या पावसाळ्याने आरंभी थोडी आशा दाखविली आणि पुढे पाठ फिरविली. खरिपाची पिके करपली, आणि परतीचा पाऊस न आल्यामुळे पूर्वेकडील काळ्या जमिनींत रब्बीच्या ज्वारीची पेरणीही धड झाली नाही. पुणे-मिरज लोहमार्ग व्हावयास अजून दहा वर्षांचा अवधी होता. धान्य आणावयाचे ते बैलगाड्यांतून आणि घाट चढवून, आणि गाडी ओढणारे बैल तर चाऱ्यावाचून आधीच खंगू लागलेले. अशा प्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारचे धोरण असे होते की, धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही. भाव चढले म्हणजे व्यापारी आपण होऊन माल आणतील, आणि सरकारने फक्त कामे काढून रयतेच्या हाती मजुरी पडेल एवढी तजवीज करावी. त्याप्रमाणे रस्ते निघाले, तलावांची कामे निघाली. माण आणि आटपाडी यांच्या सीमेवर म्हसवडजवळ जो राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव आज दिसतो, तो त्याच दुष्काळातील कामांतून उभा राहू लागला.

परंतु मजुरी किती द्यावयाची, हा प्रश्न १८७७ च्या जानेवारीत ऐरणीवर आला. दुष्काळग्रस्त इलाख्यांच्या पाहणीसाठी हिंदुस्थान सरकारने धाडलेले सर रिचर्ड टेम्पल यांनी असे ठरविले की, कामावरच्या पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्य विकत घेता येईल एवढी रक्कम आणि वर किरकोळ खर्चास थोडेसे पैसे एवढे पुरे आहे. स्त्रीला त्याहूनही कमी. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणावर कडक आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात हे दर लागू होताच हजारो मजूर कामे टाकून घरोघर निघून गेले, आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेची बाजू सरकारपुढे हिरिरीने मांडली. उपाशी माणसांनी मजुरी अपुरी म्हणून कामच नाकारावे, हा प्रसंग त्या काळच्या अंमलदारांना मोठा चमत्कारिक वाटला. वस्तुतः दिवसभर माती वाहून मिळणाऱ्या धान्यापेक्षा ती माती वाहताना खर्च होणारी शक्ती अधिक, हा साधा हिशेब अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या कुणब्यास त्यांच्यापेक्षा लवकर समजला होता.

या हिशेबात मुलाची जागा कोठे होती, हे पाहू लागले असता त्या धोरणाचे स्वरूप अधिकच उघडे पडते. पौंडभर ज्वारीतून सुमारे सोळाशे उष्मांक मिळतात; अंगावर मूल पाजणाऱ्या आणि उन्हात घमेली उचलणाऱ्या स्त्रीला त्याच्या दीडपटीहून अधिक लागतात. पुरुषाच्या वाट्यालाच जेथे एवढे कमी येत होते, तेथे त्याहून कमी मजुरीवर राबणारी आई आपल्या शरीराची झीज करून दूध उतरवीत होती, आणि ती खंगत गेली म्हणजे मुलाचा घोटही आखडत होता. जे मूल नुकतेच वरच्या अन्नावर आलेले असे त्याची दशा त्याहूनही वाईट. कारण कोरड्या भाकरीचा तुकडा त्याच्या हाती दिला तरी तो चावावयास दात नाहीत आणि पचवावयास शक्ती नाही. त्यातच तळ्यांचे व विहिरींचे गढूळ पाणी, कामांवरची दाटी, पटकी आणि हगवण. पुढे पाऊस परत आला तेव्हा त्याच्याबरोबर हिवतापही आला, आणि जी मुले भुकेतून निभावली होती त्यांतील कितीतरी मुले ऐन सुगीच्या तोंडावर तापाने गेली. दुष्काळात माणसे केवळ उपासाने फारशी मरत नाहीत, उपासाने पोखरलेल्या देहास आलेला साधा आजार त्यांना नेतो. आणि हे पोखरणे सर्वांत जलद होते ते दोन वर्षांखालील मुलाच्या देहात.

याच सुमारास, ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण होते ते जोतीराव फुले पुण्यात सत्यशोधक समाजाच्या कामात गढलेले होते. १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांना शिजवलेले अन्न देण्यास आरंभ केला, आणि त्यासाठी समाजाच्या सभासदांकडे मदतीची हाक घातली. सरकारी कामांवर मजुरी देऊन आईबापांमार्फत मुलास पोसावयाचे, ही एक रीत. आईबाप मेलेले, परागंदा झालेले अथवा स्वतःच इतके क्षीण की त्यांच्यामार्फत मुलापर्यंत काही पोहोचतच नाही, अशा वेळी ताट थेट मुलापुढे ठेवावयाचे, ही दुसरी. सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाईंनी पतीच्या पश्चातही हा वसा सोडला नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घेऊन त्या दत्तकपुत्र यशवंतांच्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

१८७७ च्या अनुभवातून सरकारही काही शिकलेच. सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला, आणि त्याच्या आधारे प्रांतोप्रांती दुष्काळाचे नियम तयार झाले. पिकांची आणेवारी घटली म्हणजे काय करावयाचे, कामे केव्हा काढावयाची, मजुरी कोणत्या प्रमाणात द्यावयाची, जे काम करू शकत नाहीत त्यांना गावातच शिधा कसा द्यावयाचा, हे सारे कागदावर आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत तर कामांवरील मजुरांच्या लहान मुलांना शिजवलेले अन्न देणारी स्वयंपाकघरेही चालली. म्हणजे दप्तराने मुलाची दखल घेतली. परंतु घेतली ती 'अवलंबी' म्हणून, मोठ्यांच्या मागे लागलेले एक खाणारे तोंड म्हणून. त्याच्या वाढीची काही निराळी गरज आहे, ही कल्पना त्या काळच्या वैद्यकशास्त्रातही अजून नीटशी जन्मलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राज्य लोकांचे झाले आणि दुष्काळाविषयीची भाषाही बदलली. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून 'दुष्काळ' ही संज्ञाच राज्याच्या कायद्यांतून काढून टाकली, आणि तिच्या जागी 'टंचाई' आली. संज्ञा गेल्याने पाऊस यावयाचा नव्हता, हे सांगणे नकोच. परंतु त्याच दशकात सांगली जिल्ह्यात एक निराळा विचार आकार घेत होता. तासगाव तालुक्यातील विसापूरचे विठ्ठल सखाराम पागे हे विधानपरिषदेचे सभापती होते. ग्रामीण दारिद्र्याचे मूळ काम न मिळण्यात आहे, तेव्हा मागेल त्यास काम देण्याची जबाबदारी राज्याने पत्करावी आणि त्या कामातून जमीन व पाणी यांची कायमची सुधारणा करून घ्यावी, अशी त्यांची मांडणी होती; आणि तिचा पहिला प्रयोग त्यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याच तासगाव तालुक्यात करून दाखविला. दुष्काळ पडल्यावर सरकारने दया म्हणून काम काढावे, ही शतकभराची परंपरा होती. पाग्यांच्या योजनेत काम हा रयतेचा हक्क होता, आणि तो बजावण्यासाठी पिके करपण्याची वाट पाहावयाची नव्हती.

या विचाराची कसोटी लवकरच लागली. १९७०-७१ आणि १९७१-७२ ही दोन वर्षे कमी पावसाची गेल्यावर १९७२ च्या पावसाळ्याने दगाच दिला, आणि राज्यातील धान्याचे उत्पन्न नेहमीच्या निम्म्याच्या आसपास येऊन ठेपले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. केंद्रात अर्थखाते देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांकडे होते. माण-खटावपासून जतपर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरे कवडीमोलाने बाजारात निघाली, आणि गावोगावच्या माणसांनी टिकाव, खोरे व घमेले घेऊन कामाची वाट धरली. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी फोडणे, अशी ही कामे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता, आणि त्या स्त्रियांच्या कडेवर व पोटात जी मुले होती त्यांची गणती मस्टरवर अर्थातच नव्हती.

त्या कामांचे चित्र ज्यांनी पाहिले ते सहसा विसरत नाहीत. तीन लाकडांच्या तिकाटण्याला लुगड्याची झोळी बांधलेली, तीत तान्हे मूल. शेजारी त्याला झोका देणारी सहा-सात वर्षांची थोरली बहीण, जिची शाळा त्या वर्षापुरती सुटलेली. आणि काही अंतरावर उन्हात खडी फोडणारी किंवा मातीची घमेली देणाऱ्या रांगेत उभी असलेली आई, जिला मूल रडले तरी चौकडी, म्हणजे नेमून दिलेले कामाचे माप, भरल्याशिवाय, निदान मुकादमाची नजर चुकविल्याशिवाय, उठता येत नसे. खाण्यास काय, तर परदेशातून आणलेली लालसर मिलो ज्वारी, जिची चव आणि वास कोणालाच रुचला नाही. आणि कामांवर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पीठ, गूळ आणि तेल यांचे पौष्टिक मिश्रण, जिच्यासाठी मुले भांडी घेऊन रांगा लावीत. त्या पिढीतील म्हातारी माणसे आजही बहात्तरचा दुष्काळ सांगू लागली की या दोन जिन्नसांची नावे त्यांच्या तोंडी प्रथम येतात.

आणि तरीही १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही, हे या दुष्काळाचे मोठेपण आहे. मृत्यूची तशी लाट आली नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा असे दिसून आले की, धान्याच्या दरडोई उत्पन्नाच्या दृष्टीने महाराष्ट्राची स्थिती त्याच सुमारास दुष्काळात होरपळणाऱ्या आफ्रिकेतील साहेल प्रदेशापेक्षाही वाईट होती. परंतु तेथे माणसे मोठ्या संख्येने मेली आणि येथे ती वाचली, कारण येथे मजुरीच्या रूपाने खरेदीची ताकद गरिबाच्या हाती राहिली आणि अन्नाची तूट जवळपास सर्व वर्गांत वाटली गेली. कामे वेळीच निघावीत म्हणून वर्तमानपत्रांनी, विरोधी पक्षांनी आणि मोर्चे घेऊन मामलेदार कचेरीवर जाणाऱ्या मजुरांनी जो रेटा लावला त्याचाही यात वाटा आहे. या यशाचे रूपांतर पुढे कायद्यात झाले. रोजगार हमीचा अधिनियम १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, आणि कामावर सावली, पाणी व लहान मुलांची देखभाल यांची सोय, हे त्यातून हक्काचे झाले. विसापूरच्या सभापतींची कल्पना २००५ साली सबंध देशाच्या कायद्यास नमुना झाली, आणि पाच किंवा अधिक लहान मुले कामावर असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीस मजुरीवर नेमावे, हे कलमही त्या राष्ट्रीय कायद्यात आले.

इतके झाल्यावर मांडीवरच्या मुलाचे प्राण वाचले, हे निर्विवाद. परंतु त्याची वाढ वाचली काय? याचे उत्तर शोधताना त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यांत चाललेल्या काही प्रयत्नांकडे वळावे लागते. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन या तिघांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कुपोषण आणि संसर्ग हे एकमेकांस कसे बळ देतात याचा सविस्तर पुरावा होता: भुकेलेल्या मुलास गोवर व जुलाब अधिक जोराने होतात, आणि प्रत्येक जुलाबागणिक त्याची भूक व वजन आणखी घटते. डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातील इमेसी गावी मुलाच्या वजनाचा मासिक आलेख आईच्याच हाती ठेवण्याची पद्धत बसविली. मूल आजारी दिसण्याच्या पुष्कळ आधी ती रेषा आडवी होऊ लागते, आणि तेथेच उपाय करावयाचा असतो. ग्वाटेमालाच्या चार खेड्यांत १९६९ पासून १९७७ पर्यंत काही मुलांना पौष्टिक पेय आणि काही मुलांना साधे गोड पेय देण्यात येत होते. ती मुले मोठी झाल्यावर असे आढळले की, ज्या पुरुषांना पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेय मिळाले होते त्यांची तासाची कमाई इतरांहून सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती, आणि तेच पेय तीन वर्षांनंतर मिळाले असता असा लाभ दिसला नाही. मूल ज्या वयात झोळीत असते, तेच वय त्याच्या पुढच्या कर्तबगारीचा पाया घालते, हे यातून सिद्ध झाले.

या ज्ञानाच्या उजेडात बहात्तरच्या झोळीकडे पाहिले म्हणजे त्या यशाची मर्यादा लक्षात येते. मजुरीने घरात धान्य आले, पण ती मजुरी मिळवावयास आई दिवसभर मुलापासून दूर राहिली. अंगावर पाजण्याच्या वेळा चुकल्या, आणि वरचे अन्न भरविण्याचे काम सहा वर्षांच्या बहिणीवर पडले. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलास मऊ, स्निग्ध आणि ताजे अन्न दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, हाताने, आर्जव करून भरवावे लागते. हे काम ज्वारी-मिलोने होत नाही, सुकडीनेही निम्मेच होते, कारण त्यास मुख्यतः वेळ लागतो, आणि ज्या आईचा सगळा वेळ चौकडीस विकलेला आहे तिच्याकडे तोच नसतो. म्हणजे जी मजुरी मुलाला मरणापासून राखीत होती, तीच त्याला आईपासून दूर ठेवीत होती. यात मुकादमाचा किंवा मामलेदाराचा दोष नव्हता; योजनेच्या रचनेतच हा पेच होता.

त्या पेचाची जाणीव काही जणांना त्याच वेळी झाली होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली कामास आरंभ केला, आणि दुष्काळातच लोकांच्या मदतीने लहान मुलांसाठी स्वयंपाकघरे चालविली व गावांना, विशेषतः दलित वस्त्यांना, विंधनविहिरींचे पाणी मिळवून दिले. पुढे गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून त्यांच्याच हाती बालकांचे आरोग्य सोपविले. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन रुग्णालयाची कीर्ती शस्त्रक्रियांची. तेथूनही सत्तरच्या दशकात डॉ. एरिक राम यांच्या पुढाकाराने सरकारी आरोग्ययंत्रणेस सोबत घेऊन मिरज तालुक्यातील खेड्यांपर्यंत माता-बालसेवा नेण्याचा प्रयत्न झाला. आजारी मूल शहरात येण्याची वाट न पाहता निरोगी मुलाकडेच आपण जावयाचे, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी समान होते.

राष्ट्राच्या पातळीवर १९७४ साली बालकांविषयीचे धोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणीचा समावेश त्या पहिल्या प्रकल्पांत होता. तिच्या केंद्राला जे 'अंगणवाडी' हे नाव देशभर रूढ झाले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गरिबांच्या अंगणात नेलेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगातून आलेले आहे, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे. आहार, लसीकरण, वजन, आरोग्यतपासणी आणि शाळेपूर्वीचे शिक्षण यांची एकाच छपराखाली सांगड घालणारी ही योजना दुष्काळापुरती नव्हती, बारमाही होती. परंतु तिचा विस्तार फार मंद गतीने झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून आदेशांमागून आदेश दिले तेव्हा कोठे ती प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचविण्याचे बंधन सरकारवर आले. आणि एक उणीव तिच्या घडणीतच राहिली. अंगणवाडीत दिवसा बसणारे मूल तीन वर्षांवरचे असते. त्याहून लहान मुलासाठी काही दिवसांचा आहार घरी पाठविण्यात येतो, आणि घरात आई नसते. माण-जतकडच्या बिगरबागायती गावांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचे तर गावही सहा महिने सुटते. कृष्णाकाठच्या हिरव्या फडाच्या कडेला पाचटाच्या खोपटाशी तीच झोळी पुन्हा बांधली जाते, आणि गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्या मुलाचे नाव नुसते लिहिलेले राहते.

गेल्या पन्नास वर्षांचे आकडे हेच सांगतात. १९७१ साली महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १०५ बालके वर्षाच्या आत दगावत; २०२० साली हे प्रमाण १६ वर आले. लसी, क्षारसंजीवनी, सुरक्षित बाळंतपणे, आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध करून दाखविलेली घरोघरची नवजातसेवा, या सर्वांचे हे फलित. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, आणि त्याआधीच्या पाहणीतही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. मरण मागे हटले, वाढ मात्र अडूनच राहिली. पाऊस चांगला झालेल्या वर्षांतही ती अडलेली असते, यावरून तिचे कारण आभाळात शोधण्यात अर्थ नाही, हे उघड आहे.

तेव्हा दोन दुष्काळांनी दिलेले धडे असे मांडता येतील. १८७७ ने शिकविले की उपाशी माणसास अर्धपोटी मजुरीवर राबविणे हे साहाय्य होत नाही. त्यातून दुष्काळाचे नियम झाले. १९७३ ने शिकविले की काम हा हक्क केला तर दुष्काळातही माणूस जगतो. त्यातून हमीचा कायदा झाला. तिसरा धडा त्या दुसऱ्याच्या पोटातच होता: ज्या स्त्रीच्या मांडीवर मूल आहे तिला काही काळ काम न करण्याचीही मजुरी मिळाली पाहिजे, आणि ती कामावर गेलीच तर तिच्या मुलास भरविणारे शिकलेले माणूस झोळीपाशी असले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपये देण्याचे मान्य केले. २०१७ पासून अमलात आलेल्या मातृवंदना योजनेत ते पहिल्या अपत्यासाठी पाच हजार झाले, आणि पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजारांची सवलत वाढली. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता; त्या दराने हे पाच हजार रुपये सतरा दिवसांच्या मजुरीहून अधिक भरत नाहीत. मूल मांडीवर असते ते दोन वर्षे. शंभर वर्षांत दोन धडे गिरविणाऱ्या या मुलखाने आणि त्याच्या सरकारने सतरा दिवस आणि दोन वर्षे यांतील हे अंतर मोजून भरून काढले, तर पुढचा दुष्काळ लिहिणाऱ्या इतिहासकारास मुलाची दखल घेण्यासाठी मृत्यूच्या नोंदी चाळाव्या लागणार नाहीत. त्याला ती मुलांच्या उंचीच्या तक्त्यातच सापडेल.